सूर्याची मशीन ऊसतोडीला जाणार नाही

जाहीर निवेदन. बीड जिल्ह्यातील तमाम नागरिक, माजी नागरिक, बाहेरगावी गेल्यावर बीडचं नाव हळू आवाजात सांगणारे नागरिक आणि त्यांची सासरकडची मंडळी, या सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येत आहे की, सूर्य दिवसाढवळ्या ओरडतो. त्याचं हे ओरडणं आष्टी तालुक्यातल्या एका कॉलेजच्या गच्चीवर रोज ऐकलं जातं. ऐकणारी बाई मी आहे. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती परस्पर सूर्याकडे नोंदवावी. त्याची कार्यालयीन वेळ आणि आमच्या कॉलेजची वेळ साधारण एकच आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवते. शिकले अंबाजोगाईला, जिथं रिक्षावालासुद्धा तुम्ही कुठल्या शाखेला जावं याचा सल्ला देतो. नोकरी लागली ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरच्या हद्दीला टेकलेल्या या गावात. बीडहून आले म्हटलं की बाहेरची माणसं मला दोनच प्रश्न विचारतात. पाणी आहे का, आणि अंधार पडल्यावर बाहेर फिरता येतं का. तुमच्याकडून सूर्याचे रेडिओ स्फोट कसे दिसतात, हा प्रश्न अजून एकानंही विचारलेला नाही. म्हणून न विचारताच सांगते.

आमच्या गच्चीवर एक अँटेना आहे. ज्यांनी लहानपणी छपरावर चढून ‘आलं का, आलं का’ करत टीव्हीचा अँटेना फिरवला आहे त्यांना तो लगेच कळेल. हा त्याचाच थोरला भाऊ, दांड्या जास्त आणि मान कायम सूर्याकडं. खाली लॅबमध्ये जेवणाच्या डब्याएवढा एक रिसीव्हर आणि एक लॅपटॉप. रिसीव्हर आमचा नाही. शहरातल्या एका संशोधन संस्थेनं तो वापरायला दिला आहे, म्हणजे मनात येईल तेव्हा परत नेता येईल असा.

तो ऐकतो काय, तेही सांगते. सूर्याच्या अंगाभोवती तापलेल्या वायूचं एक विरळ पांघरूण असतं. खग्रास ग्रहणात पांढऱ्या मुकुटासारखं दिसतं ते हेच. कधी कधी त्या पांघरुणातून डोंगरच्या डोंगर वायू एकदम बाहेर भिरकावला जातो. शास्त्रज्ञ त्याला कोरोनल मास इजेक्शन म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं ‘फेक’ म्हणतो. फेक जोरदार असली की तिच्यापुढं धक्क्याची एक लाट पळते, आणि ती लाट पांघरुणातून वर चढता चढता रेडिओच्या भाषेत ओरडत जाते. ही ओरड आठेक मिनिटांत आपल्यापर्यंत पोचते. फेकलेला वायू आपल्याकडं यायचाच असला तर सावकाश, एक-दोन-तीन दिवसांनी येतो. म्हणजे वऱ्हाड निघाल्याचा फोन आधी, वऱ्हाड मागून. मधल्या वेळात, बिघाड व्हायच्या आत, उपग्रहवाल्यांनी आणि वीजवाल्यांनी आपापलं आवरून घ्यायचं.

नळाखाली घागर लावली की आधी जाडाभरडा आवाज येतो, पाणी वर चढेल तसा तो बारीक होत जातो. सूर्यावर याच्या उलट. खाली वायू दाट, तिथं सूर बारीक. लाट विरळ वायूत चढत जाते तसा सूर जाड होतो. आमच्या लॅपटॉपवर वेळ आडवी आणि सूर उभा मांडलेला असतो, त्यामुळं ही ओरड वरून खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघेसारखी दिसते. पुष्कळदा दोन रेघा, थोरल्या बहिणीमागं धाकटी जिना उतरावी तशा. तिला टाइप टू म्हणतात. बाकीच्याही जाती आहेत, पण आमचं भांडण टाइप टूवरून झालं, म्हणून तिच्यापुरतंच.

वर्गात मी पोरांना सूत्र देते. उभं ते शेजाऱ्याचं, आडवं ते सरकारचं, तिरकं ते सूर्याचं. पडद्यावर उभी रेघ आली की कुठंतरी ठिणगी उडाली समजा, कुणाचं वेल्डिंग, कुणाच्या मोटारीचा स्टार्टर. आडवी रेघ म्हणजे रेडिओ केंद्र, दिवसभर एका सुरात. असं सावकाश, जोडीनं तिरकं उतरणं मात्र गावात कुणाला जमत नाही.

अशी मशीन गावात असली की गिऱ्हाइकं येतातच. गावचे पुढारी अण्णा यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायला गच्चीवर चढलेल्या कार्यकर्त्यानं एकदा दोरी थेट अँटेनाला बांधली. मी म्हटलं, ‘अरे बाबा, याच्यातून सूर्य बोलतो.’ तो म्हणाला, ‘मग अण्णांला शुभेच्छा द्यायला सांगा की त्येला.’ दोरी मी स्वतः कापली. अण्णा त्या वर्षी संडासाच्या भिंतीवर झळकले आणि माझी बदली करण्याची धमकी आली. आष्टीच्या पुढं बदली कुठं करणार, हे त्यांना सुचेना, म्हणून मी इथंच राहिले.

दुसरा एक चॅनेलवाला. सूर्यावर मोठा स्फोट झाल्याचं कुठंतरी वाचून माइक घेऊन आला.

‘मॅडम, जिल्ह्याला धोका आहे असं एकदा म्हणा.’

‘जिल्ह्याला काही धोका नाही.’

‘मग तालुक्याला?’

‘तालुक्यालाही नाही.’

‘निदान कॉलेजला तरी म्हणा, इतक्या लांब आलोय.’

असो. आता भांडणाकडं येते.

आमच्या स्टेशनचा डेटा तपासण्याचं काम संस्थेतल्या सबनीस सरांकडं होतं. निवृत्तीला आलेला माणूस, आवाज मऊ, उभं आयुष्य सूर्याच्या रेडिओत गेलेलं. चूक काढायची असली तरी ‘चुकलंय’ म्हणायचे नाहीत, ‘जरा बघूया’ म्हणायचे. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा फोन आला.

‘मॅडम, तुमचा डेटा इतका स्वच्छ आहे की मला आधी वाटलं रिसीव्हर बंद पडलाय. फिल्टर कोणता लावलात?’

‘ऊसतोड,’ मी म्हणाले.

‘कोणत्या कंपनीचा येतो?’

मग मी त्यांना सांगितलं. दिवाळीचे दिवे विझले की आमच्याकडं ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, शेळ्या, तान्ही पोरं सगळं वर चढतं आणि निम्म्याहून जास्त गाव ऊस तोडायला निघून जातं, कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. दारांना कुलपं लागतात. पिठाची गिरणी दिवसाआड चालते, वेल्डिंगचं दुकान बंद, मोटारी बंद. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची काही पोरं आणि कुत्री, आणि यांच्यापैकी कुणीच ठिणगी उडवत नाही. रेडिओच्या कानाला आमचं गाव तेव्हा रानासारखं निवांत असतं. सर ज्या शांततेचं कौतुक करत होते ती कुलपांची शांतता होती.

मग सर म्हणाले, ‘असं आहे होय.’ माणूस वाईट नव्हता. त्यांच्या पडद्यावर आमचं गाव फक्त डाग म्हणून उमटायचं, एवढंच.

पाडव्याच्या आगेमागे माणसं परत येतात. सहा महिन्यांची कामं दोन महिन्यांत उरकायची असतात. गाड्यांची वेल्डिंगं, घरावरचे पत्रे, बोअरच्या मोटारी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लग्नं. गावातलं प्रत्येक लग्न तोडीवरून माणसं येईपर्यंत थांबलेलं असतं. डीजे, त्याचे जनरेटर, रंगीत दिवे. माझ्या पडद्यावर उभ्या रेघांचं असं कुंपण उभं राहतं की त्याच्या आड सूर्य आहे की नाही तेसुद्धा दिसेना. सरांचा फोन आला.

‘मॅडम, जरा बघूया. तुमचं स्टेशन हिवाळ्यात उत्तम. उन्हाळ्यात त्याची तब्येत बिघडते. आपण ते हंगामी करू. दिवाळी ते पाडवा रिसीव्हर तुमच्याकडं, बाकीचे महिने घाटातल्या दुसऱ्या एका कॉलेजकडं.’

‘म्हणजे माणसं आली की मशीन जाणार, आणि माणसं गेली की मशीन येणार.’

‘तसं नाही हो.’

‘तसंच आहे, सर. सहा महिने घरी आणि सहा महिने बाहेर राहणारं आमच्याकडं पुष्कळ आहे. त्यात आणखी मशीनला ऊसतोडीला पाठवायची माझी तयारी नाही. गावात एक तरी वस्तू बारमाही राहू द्या.’

‘पण नॉइज, मॅडम.’

‘नॉइज नाही ते. माणसं घरी आलीयेत.’

सर चिडले नाहीत, हीच पंचाईत. चिडले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. ते शांतपणे म्हणाले, ‘मला कळतंय. पण सूर्याला कळत नाही ना. या रेघांच्या मागं एखादी फेक निघून गेली तर ती गेलीच, तुमच्या माझ्यासाठी ती परत येणार नाही.’ हे खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला जास्त दम लागतो. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. उन्हाळ्यात ते स्वतः येतील. ऐन गर्दीच्या हंगामात या गच्चीवरून एक स्वच्छ टाइप टू त्यांना दिसली, तर मशीन बारा महिने इथंच. नाही दिसली, तर जाताना ते बरोबर घेऊन जातील.

मी कामाला लागले. वेल्डिंगवाल्याची अर्थिंगची तार तुटलेली होती, ती जोडून घेतली. गिरणीच्या मोटारीचे घासलेले कार्बन बदलले. बऱ्याच रेघा गेल्या. राहिला डीजे, आणि डीजेला अर्थिंग पुरत नाही.

त्या वर्षी कॉलेजच्या पटांगणात मोठं लग्न होतं ते कौसाबाईच्या सोनालीचं. कौसाबाई म्हणजे आमच्या गावातली तोडीवरची नावाजलेली बाई. नवरा अंकुश, पण गाव त्याला ‘कौसाबाईचा अंकुश’ म्हणून ओळखतं. दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी अशीच मोजतात. सोनाली माझ्या हाताखाली बारावी झालेली. त्या जोरावर मी त्यांच्या घरी गेले. कौसाबाई अंगणात खाटेवर कुरडया घालत होती.

पाणी झालं, चहाला नको म्हणून झालं, मग चहा झाला. मी विषय काढला. ‘कौसाबाई, लग्नातला तो जनरेटर तेवढा लांब उभा केला तर? आवाजही जरा बेतानं.’

तिनं कुरडईचा साचा बाजूला ठेवला. ‘कावून?’

‘मशीनला त्रास होतो.’

‘सा महिने आमी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत राह्यलो. तवा तुमची मशीन गुणाची व्हती का?’

‘लई गुणाची.’

‘आन आमी घरी आलो की नासली?’

सबनीस सरांना मी जे ऐकवलं होतं तेच ती मला ऐकवत होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

‘बाई, तुमी सोनीला शिकीवलं,’ ती म्हणाली. ‘दुसरं काय बी सांगा, ऐकीन. पर हिच्या लग्नाचा आवाज म्या कमी करायची न्हाई. फडावर कुणी मोठ्यानं हसलं तरी मुकादम वळून बघतंय. इथं तरी गावाला कळू द्या, कौसाबाई घरी आली म्हून.’

खांबाला टेकून बसलेला अंकुश इतक्या वेळानं बोलला. ‘मशीनीच्याच कानात कापसाचं बोळं घालता येत न्हाईत का, बाई?’

‘तुमी गप बसा,’ कौसाबाई म्हणाली. मशीनचा अपमान तिलाही आवडला नसावा.

मी शब्द दिला. तिच्या लग्नाचा आवाज तसूभरही कमी होणार नाही. त्या अंगणातून बाहेर पडताना एवढं ठरलं होतं की आवाजही राहील आणि मशीनही राहील. कसं, ते सुचायचं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सरांचा फोन. ‘मॅडम, निघतोय. सूर्यावर पश्चिमेच्या कडेला मोठा डाग सरकलाय, चांगलाच खवळलेला. काही करील तर उद्याच. एकदा पलीकडं गेला की मग माझ्या हातात काही नाही.’

सकाळी ते आले तेव्हा पटांगणात मांडव उभा होता आणि शब्बीरचा डीजे कॉलेजच्या भिंतीला पाठ लावून लागलेला होता.

‘हे काय?’

‘लग्न.’

‘आज?’

‘सूर्याला विचारून तारीख काढली नव्हती, सर.’

सरांनी बरोबर एक खोकं आणलं होतं, आतून स्पंज लावलेलं. बोलता बोलता त्यांनी ते टेबलाखाली सारलं, मला दिसू नये म्हणून. मला दिसलं. पडद्यावर कुंपण होतंच. सर खुर्ची ओढून बसले आणि त्या कुंपणाकडं अशा चेहऱ्यानं बघत राहिले, जसं कुणी आजाऱ्याजवळ बसावं.

शब्बीर हा आमच्या पंचक्रोशीतला डीजेचा राजा. पिकअपवर भोंग्यांची भिंत, मागं जनरेटर, सगळं एकाच गाडीत. त्या दिवशी गावात लाईट नव्हती, फीडरचं काही काम चाललं होतं, त्यामुळं मांडवातले कूलरसुद्धा त्याच्याच जनरेटरवर. रिसीव्हर आणि लॅपटॉप आम्ही बॅटरीवर घेतले होते. मी कठड्यावर टेकून खाली बघत होते, आणि नवरदेव घोड्यावर चढताना दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. वाजतगाजत, म्हणजे डीजे बरोबर जातो. डीजे जातो म्हणजे जनरेटर जातो. आणि आमचा मारुती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकाड ओलांडून ओढ्याच्या उतारावर आहे. मधलं टेकाड जनरेटरच्या ठिणग्यांना आडवं येतं, त्या गच्चीपर्यंत पोचत नाहीत.

मी जिना उतरून पिकअपजवळ गेले. ‘शब्बीरभाई, मारुतीपुढं जास्तीत जास्त किती वेळ वाजवाल?’

‘तुमी बोला मॅडम, अपुन दिवसभर वाजवतो. पर नवरदेवाचा मामा लई कडक हाय. घड्याळ घालून आलाय.’

‘मामाला नाचवा.’

‘त्यो न्हाई नाचायचा. त्यो बँकेत हाय.’

मिरवणूक हलली. मी लॅबमध्ये परतले. टेकाडामागं आवाज उतरत गेला आणि पडद्यावरच्या रेघा विरळ होत होत संपल्या. पडदा निळा झाला, विहिरीतल्या पाण्यासारखा. सर पुढं वाकले.

‘हे काय झालं?’

‘नवरदेव मारुतीला गेला.’

‘किती वेळ असतो हा प्रकार?’

‘एरवी अर्धा तास. आज मामावर आहे.’

सरांनी चष्मा पुसला. ‘मॅडम, शांतता आहे, मान्य. पण स्फोट नाही. नुसत्या शांततेवर मी काय लिहू?’

‘तुम्ही सूर्याकडं बघा,’ मी म्हटलं, ‘मी मामाकडं बघते.’ आणि पदर खोचून निघाले.

ओढ्यावर पोचले तर सगळं आवरत आलं होतं. दर्शन झालं होतं, नाचणारी पोरं घामानं निथळून कडेला बसली होती आणि मामा मनगट वर धरून ओरडत होता, ‘चला, चला, येळ झाला.’ शब्बीरनं पिकअपवरून माझ्याकडं बघून दोन्ही हात हवेत उडवले.

मी नाचले.

गाणं कोणतं होतं ते सांगणार नाही, मला अजून नोकरी करायची आहे. कडेला बसलेल्या पोरांत माझ्या हाताखालून पास झालेली होती, माझ्या हातून नापास झालेलीही होती. क्षणभर कुणी हललं नाही. मग एकजण ओरडला, ‘ए, मॅडम नाचायल्यात,’ आणि सगळी जत्रा उठून परत आत आली.

‘ही कोण बाई?’ मामानं विचारलं.

‘फिजिक्स हाय,’ कुणीतरी सांगितलं.

‘पोरीकडून का पोराकडून?’

‘कॉलेजकडून.’

मी मामाचा हात धरून त्याला आत ओढलं. बँकेतला माणूस, आधी नुसताच उभा राहिला. मग एक खांदा हलला. मग दुसरा. आणि नंतर मामा असा नाचला की त्याच्या मनगटावरचं घड्याळ सुटून पडलं ते त्यानं खिशात टाकलं, आणि ‘आता थांबा, लोकं खोळंबली’ असं त्यालाच सांगायला दुसरी माणसं पाठवावी लागली. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता, पण आमच्याकडं मुहूर्त हा पत्रिकेवर छापण्यापुरताच असतो. कौसाबाईला दिलेला शब्द मी मोडला नव्हता. आवाज कमी कुठं केला, वाढवला. फक्त टेकाडापलीकडं.

सर लॅबमधून फोन करत होते आणि तो माझ्या पर्समध्ये थरथरत होता. डीजेसमोर उभं राहिलं की सगळंच थरथरतं, त्यामुळं मला कळलं नाही. अखेर दम संपला, माझा आधी, मामाचा नंतर. पिकअप वळली. चपला हातात घेऊन मी आडवाटेनं पुढं पळाले, म्हटलं डीजे टेकाड चढायच्या आत काय हाती लागलं ते तरी बघावं.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी निकाल सांगते, उगाच जिवाला घोर नको.

मशीन बारा महिने आमच्याच गच्चीवर आहे. त्या दुपारी निळ्या पडद्यावर दोन तिरक्या रेघा जोडीनं खाली उतरल्या, इतक्या रेखीव की मी त्या आता पहिल्या तासाला फळ्यावर काढते. त्यांच्या मागोमाग एक रुंद, धुरकट पट्टा पसरला, मोठी फेक गेल्यावर राहतो तसा. त्याच वेळी ज्यांच्याकडं दिवस होता अशा दूरदेशच्या स्टेशनांवरही हेच उमटलं होतं, म्हणजे शेजाऱ्याचं नव्हतं, सूर्याचंच होतं. फेक आपल्याला चुकवून एका बाजूला निघून गेली, त्यामुळं चॅनेलवाला नाराज झाला. खोकं सरांनी रिकामंच परत नेलं, म्हणजे अगदी रिकामं नाही, कौसाबाईनं त्यात बुंदी भरून दिली. सरांनी आमचं स्टेशन बारमाही ठेवण्याची शिफारस लिहिली. पुढं कधी मी उन्हाळ्यातला रेघांनी भरलेला डेटा पाठवला तर त्यावर ‘जरा बघूया’ म्हणणं त्यांनी सोडून दिलं. नुसतं विचारतात, ‘आज कुणाचं?’ मी नवरा-नवरीचं नाव कळवते.

हिवाळ्यातला डेटा अजूनही देखणा येतो. त्याचं कौतुक कुणी केलं तर मी ते घेत नाही, स्पष्ट सांगते की घेत नाही. ज्या दिवशी आमच्या गावचा हिवाळा उन्हाळ्याइतका गोंगाटाचा होईल, त्या दिवशी मी स्वतः अँटेना उतरवून देईन, वर पेढे देईन. तोवर कुणी रिसीव्हरला हात लावून बघावा.

आता राहिलं त्या दुपारचं. मी धापा टाकत मांडवात शिरले तेव्हा कूलर बंद, बाया पत्रिकांनी वारा घेतायत, लहान पोरं रडून झोपलेली. तोंडाशी कौसाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी. ताटातली ज्योत तिनं किती वेळा पेटवली होती कुणास ठाऊक, आणि तिचा चेहरा बघून मी खांबाआड झाले. टेकाडावरून डीजे चढताना ऐकू यायला लागला. नेमके तेव्हाच सबनीस सर लॅबच्या जिन्यावरून धावत खाली आले. पायात मोजे, चष्मा कपाळावर. तो धुरकट पट्टा पडद्यावर अजून चालूच होता आणि जनरेटर घटकाभरात त्याच्यावर येऊन पडणार होता. सबंध मांडव त्यांच्याकडं बघत होता. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस नवरीच्या आईसमोर, ताटाच्या पलीकडं, दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला,

‘अहो, नाचू द्या ना त्यांना तिकडंच अजून थोडं, लग्नाची एवढी काय घाई आहे!’